आम्ही दत्तक जाणार नाही



गावाच्या तोंडाशी नवा बोर्ड लागला की तो नीट वाचत जा. हल्ली बऱ्याच बोर्डांवर एक शब्द असतो, 'दत्तक गाव'. अमुक संस्थेनं, तमुक कंपनीच्या मदतीनं हे गाव दत्तक घेतलंय. कोपऱ्यात हसऱ्या पोराचा फोटो, खाली कंपनीचं चित्र. गावाला कुणी विचारलेलं नसतं.

दत्तक कुणाला घेतात? पोराला. घरातल्या कर्त्या बाईला, कर्त्या माणसाला कुणी दत्तक घेत नाही. ज्या गावानं पिढ्यान् पिढ्या जंगल राखलं, वणवा विझवला, कोर्टकचेरीत वनहक्काचे दावे लढवले, ते गाव एका रात्रीत पोर कसं झालं? आणि कुणी घेतलं याच्याही आधी विचारायला पाहिजे की आपल्याला दत्तक दिलं कुणी? ज्यानं दिलं, त्यानं आधी आपली जबाबदारी झटकली असणार. तो म्हणजे सरकार. आमचं भांडण त्याच्याशी आहे.

सुरुवातीलाच सांगतो. आजारी माणसाला गाडीत घालून दवाखान्यात नेणारी, दाव्याचे कागद लिहून देणारी संस्थेतली पोरंपोरी आम्हाला परकी नाहीत. त्यातली काही आपल्यातलीच आहेत. आमचं म्हणणं माणसांवर नाही, व्यवस्थेवर आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाणी, रेशन ही सरकारची कामं संस्थेच्या अंगावर टाकली, की आपला हक्क तिथंच उपकार होऊन बसतो. उपकाराला 'का नाही दिलं?' असं विचारता येत नाही. हक्काला येतं. सगळा फरक एवढाच आहे, पण त्यातच आपलं मरण आहे.

सोलापुरातनं का लिहितो

आम्ही सोलापूर जिल्ह्यातले फासेपारधी. तुमच्यातलं कुणी म्हणेल, सोलापुरात कुठलं आलंय जंगल? खरंय, सातपुड्यासारखा सागवान आमच्याकडं नाही. बोरीबाभळी, कुसळी गवत आणि उघडा माळ हेच आमचं रान. फास लावून तितर-लावा धरायचे म्हणून आमचं नाव फासेपारधी. याच माळावर 1979 साली माळढोक पक्ष्याचं अभयारण्य जाहीर झालं. सोलापूर आणि नगर दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर! शेतं, गावं, रस्ते सगळं त्यात. पुढं ते बाराशेच्या आसपास खाली आणावं लागलं. म्हणजे वनखात्याची रेघ आमच्याही अंगणातनं गेली आहे. अनुसूचित क्षेत्रात आमचा जिल्हा येत नाही, त्यामुळं पेसा कायद्याचा आधारसुद्धा आम्हाला नाही.

पण सोलापुरातनं लिहायचं खरं कारण वेगळं आहे. सरकारचं काम संस्थेच्या हातात दिलं की काय होतं, याचा सगळ्यात जुना धडा आमच्या शहरात आहे. त्याला आजही लोक 'सेटलमेंट' म्हणतात.

तारेच्या आतली सेवा

1871 साली इंग्रजानं गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जातीजमाती जन्मानंच गुन्हेगार, असं त्यानं कागदावर लिहून टाकलं. 1897 च्या दुरुस्तीनं लहान लेकरं आईबापापासून तोडून वेगळी ठेवायची मुभा घेतली. 1911 च्या कायद्यानं हे सगळं मुंबई इलाख्यातही आणलं. पारधी, कैकाडी, कंजारभाट, टकारी, मांगगारुडी अशा जमाती धरून वसाहतीत आणल्या. हाताचे ठसे, हजेरी, बाहेर जायला पास. सोलापूरची वसाहत त्यातली मोठी. दिवसा गिरणीत राबायचं, संध्याकाळी तारेच्या आत हजर व्हायचं. सोलापूरच्या कापड गिरण्यांना स्वस्तातले हात मिळाले ते असे.

आता ऐका, मुद्दा पुढं आहे. ही वसाहत सरकारनं एकट्यानं चालवली नाही. चालवायला अमेरिकन मराठी मिशनकडं दिली. वसाहतीला नावही गोड, उमेदपूर! उमेदीचं गाव. उत्तरेकडं याच कायद्याखाली कितीतरी वसाहती सॅल्व्हेशन आर्मीनं चालवल्या. त्या काळी या 'सेवाभावी संस्था'च होत्या. नफा नाही, धर्मादाय काम, देणगीचा पैसा आणि वर सरकारचं अनुदान.

मिशनच्या माणसांच्या मनात खोट होती असं आम्ही म्हणत नाही. त्यांनी शाळा काढली, औषधपाणी केलं, हाताला काम लावलं. आमच्यातले पहिले शिकलेले लोक त्याच शाळांतनं निघाले. पण वसाहतीतल्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. पोराला शाळा देणारा तोच, औषध देणारा तोच, गिरणीत लावणारा तोच आणि हजेरी घेणारा, सुट्टीचा पास देणारा, चांगल्या वागणुकीचा शेरा लिहिणाराही तोच. अशा माणसापुढं तोंड वर करून कोण बोलणार? तक्रार करायची झाली तर कुणाकडं? सरकार म्हणणार मिशनला विचारा. मिशन म्हणणार कायदा सरकारचा आहे.

ज्याच्या हातात भाकरी त्याच्याच हातात हजेरीचं पुस्तक दिलं, की माणूस नागरिक राहत नाही. लाभार्थी होतो.

1949 साली मुंबई राज्यानं हा कायदा काढला, 31 ऑगस्ट 1952 ला देशातनं गेला. आमचे लोक त्या दिवसापासून विमुक्त. पण तारेतनं बाहेर पडलेल्या माणसाच्या हातावर काय ठेवलं? जमीन ठेवली का? नाही. सातबारा नाही, गाव नाही, रेशनकार्ड नाही. माळावर पाल ठोकलं की 'अतिक्रमण' आणि गावात चोरी झाली की पहिली धाड आमच्या पालावर. वरनं 1959 साली सराईत गुन्हेगारांचा कायदा मुंबई राज्यात आलाच. सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असं वस्तीचं नाव अजून आहे. फ्री झालो, पण कशावर उभं राहायचं ते कुणी सांगितलं नाही.

म्हणून आम्हाला दत्तक, उमेद, उत्थान असले शब्द ऐकले की कान टवकारावे लागतात. शंभर वर्षांपूर्वीही शब्द गोडच होते.

'संस्थेची बालवाडी आहे की तिथं'

आता आजचं बघू. आज तार नाही, ठसे नाहीत, पास नाही. आजच्या संस्था मिशनसारख्या हजेरी घेत नाहीत, हे मान्य. पण एक गोष्ट तशीच राहिली आहे. सरकार स्वतः बाजूला होतं आणि मधे दुसरा उभा करतं.

आमच्या जिल्ह्यातल्या एका पारधी वस्तीचं सांगतो. वस्ती गावापासून लांब, माळावर. अंगणवाडी गावात आणि मधे ओढा. पावसाळ्यात लेकरं जायची कशी? एका संस्थेनं वस्तीवर पत्र्याच्या खोलीत बालवाडी सुरू केली. ताई चांगली होती, लेकरं रमली. पण त्या बालवाडीत वजनकाटा नव्हता, लसीची नोंद नव्हती, गरोदर बाईचा आहार नव्हता. ती नुसती बालवाडी होती. मग बायकांनी घरोघर फिरून सहा वर्षांखालची लेकरं मोजली. चाळीसच्या वर भरली. अर्ज घेऊन त्या तालुक्याच्या ऑफिसात गेल्या. साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "बाई, तुमच्याकडं संस्थेची बालवाडी आहे की. जिथं काहीच नाही तिथं आधी द्यायला नको का?"

बघा कसा डाव आहे. संस्थेनं दिलं ते चांगल्या मनानं दिलं. सरकारनं ते आपलं नाही म्हणायला वापरलं. दोन वर्षांनी संस्थेचा प्रोजेक्ट संपला, ताईचं मानधन थांबलं, पत्र्याच्या खोलीत शेरडं बसायला लागली. अंगणवाडीचा अर्ज तेव्हाही फायलीतच होता.

आणि कायदा काय सांगतो? सुप्रीम कोर्टानं 13 डिसेंबर 2006 च्या आदेशात सरळ सांगितलंय. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीनं मागणी केली की तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. यात 'संस्थेची असेल तर सोडून' असं कुठंही लिहिलेलं नाही. राज्यघटनेचं कलम 47 म्हणतं, लोकांचं पोषण आणि आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य आहे. राज्याचं, ट्रस्टचं नव्हे, कंपनीचंही नव्हे.

त्या वस्तीवरच्या बायकांना हे माहीत असतं, तर साहेबाच्या टेबलावर त्यांनी आदेशाची झेरॉक्स ठेवली असती. तुम्ही ठेवा.

वनगावांसाठी सगळ्यात महत्त्वाचं : कलम 3(2)

हा भाग दोनदा वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बसवून वाचून दाखवा.

वनगावात शाळेची पक्की इमारत का नाही? दवाखाना का नाही? डांबरी रस्ता पाड्याच्या अलीकडंच का तुटतो? उत्तर ठरलेलं असतं, 'जमीन वनखात्याची आहे.' जिल्हा परिषद म्हणते वनखातं जागा देत नाही. वनखातं म्हणतं आमच्या जमिनीवर बांधकाम चालत नाही. दोन्ही दारं बंद झाली की तिसऱ्या दारानं संस्था येते. कुडाच्या भिंतीत वर्ग, महिन्यातनं एकदा फिरती गाडी, सोलरचे चार दिवे. आपण म्हणतो, चला, निदान एवढं तरी.

पण 2006 सालच्या वनहक्क कायद्यानं ही सबब संपवली आहे. कलम 3(2) मध्ये तेरा सोयींची यादी आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज आणि टेलिफोनच्या तारा, तळी आणि छोटे पाणीसाठे, पिण्याचं पाणी आणि जलवाहिन्या, पाणी जिरवायची कामं, लहान कालवे, अपारंपरिक ऊर्जा, कौशल्य शिकवायची केंद्रं, रस्ते, समाजमंदिर. एकेका कामाला एक हेक्टरच्या आत जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. या अटी पाळल्या की वनजमीन द्यावी लागते.

आता नीट लक्ष द्या. कायद्यात या सोयींपुढं एक अट घातली आहे, 'सरकारनं चालवलेल्या'. म्हणजे सरकारी शाळेला वनजमीन मिळते, सरकारी दवाखान्याला मिळते. संस्थेच्या शाळेला या कलमाखाली मिळत नाही.

याचा अर्थ काय झाला? सरकारी शाळेच्या बदल्यात आपण संस्थेचा वर्ग मान्य केला, की नुसती शाळा जात नाही, जमीनही जाते. 3(2) खाली गावाच्या सोयीसाठी जी जागा मिळायची, ती वनखात्याच्याच नावावर राहते. कुडाचा वर्ग उद्या मोडला की जागा मोकळी आणि आपण पुन्हा 'अतिक्रमणदार'. सरकारी इमारत उभी राहिली की ती या गावाच्या असण्याचा दगडी पुरावा होते. शाळेचा दाखला, मतदार यादी, रेशनकार्ड, सगळे कागद तिच्या मागनं चालत येतात.

त्याच कायद्यात कलम 3(1)(ज) आहे. वनगावाचं महसुली गाव करायचा हक्क. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानं 8 नोव्हेंबर 2013 ला त्याच्यासाठी वेगळ्या सूचनाही काढल्या. महसुली गाव झालं की तलाठी आला, सातबारा आला, पीककर्ज आलं, नुकसानभरपाई आली. एवढं मोठं दार उघडं असताना आपण सोलरच्या चार दिव्यांवर खूश व्हायचं का?

जमिनीचा हक्क आणि शाळा-दवाखान्याचा हक्क वेगवेगळे नाहीत. ज्यांना आपली जमीन द्यायची नाही, त्यांना आपल्याकडं सरकारी सोय उभी राहू द्यायचीच नसते. संस्थेची सोय चालते, कारण ती कधीही उचलता येते.

पैसा कुणाच्या बापाचा?

संस्था देते, कंपनी देते, असं आपण म्हणतो. जरा हिशोब करू.

आश्रमशाळा घ्या. महाराष्ट्रात आदिवासींसाठी सरकारी आश्रमशाळा आहेत आणि तशाच संस्थांच्या अनुदानित आश्रमशाळा आहेत. भटक्या विमुक्तांच्या आश्रमशाळा तर सरकार स्वतः चालवतच नाही, सगळ्या संस्थांकडं. मास्तरांचा पगार सरकारी तिजोरीतनं. मुलामागं जेवणाचं, कपड्यालत्त्याचं अनुदान तिजोरीतनं. पण गेटवर नाव कुणाचं? संस्थापक अध्यक्षांचं. बऱ्याच ठिकाणी ते नाव आमदारकीच्या तिकिटाच्या यादीतही सापडतं. पोराच्या ताटातली आमटी पाण्यासारखी झाली की आईबाप विचारत नाहीत, कारण 'साहेबांनी आपलं पोर ठेवून घेतलंय'. पैसा आपला आणि उपकार त्यांचा!

कंपन्यांचं घ्या. 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 135 आहे. ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपनीनं नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. तेव्हा हे दान नाही, कायद्याचं बंधन आहे. शिवाय ज्या कंपनीच्या खाणीखाली, धरणाखाली, कारखान्याखाली आपली जमीन गेली, तिनंच दोन टक्क्यांतनं वह्या वाटायच्या आणि आपण फोटोत हसायचं, हे आम्हाला जमणार नाही. काडीपेटी घ्या, साबण घ्या, मोबाईलचा रिचार्ज मारा, पालावरचा पारधीसुद्धा कर भरतो. सरकारच्या तिजोरीत आपलाही पैसा आहे.

आता लेकरांच्या खाऊचं बघा. अंगणवाडीतला आहार ठेकेदाराकडनं घ्यायचा नाही, गावातल्या बचत गटांना, महिला मंडळांना द्यायचा, असं सुप्रीम कोर्टानं 2004 सालीच बजावलं होतं. मग काय झालं? महिला मंडळाची पाटी पुढं, मोठा व्यापारी मागं. गावची बाई चुलीवर ताजं शिजवून घालायला तयार, पण टेंडरच्या अटी अशा की कोट्यवधीची उलाढाल असलेलाच बसावा. पाकिटातला आहार शेरडंकोंबड्यांनी खाल्ल्याच्या गोष्टी तुम्ही आम्हाला सांगायची गरज नाही. शेवटी 2019 साली सुप्रीम कोर्टानंच महाराष्ट्रातलं सुमारे 6,300 कोटींचं आहाराचं टेंडर रद्द केलं. छोट्या गटांना बाहेर ठेवणाऱ्या अटी चालणार नाहीत म्हणून. तेव्हा 'संस्था', 'मंडळ', 'ना नफा' ही पाटी बघून विश्वास ठेवू नका. पाटीच्या मागं कोण बसलंय ते बघा.

तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसते. सेवा बाहेर दिली की पैशाचा माग हरवतो. माग हरवलेल्या पैशाला वाटा फुटतात.

'संस्था नसती तर लेकरं मेली असती'

हे आम्हाला कायम ऐकवलं जातं. तुम्ही लई बोलताय, पण सरकारी डॉक्टर येत नाही तेव्हा कोण येतं? शिवाय तुम्ही स्वतः संस्थेच्याच आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलात ना?

शिकलो. त्या मास्तरांचा पगार कुठनं यायचा ते वर सांगितलंय. आणि शिकलो म्हणूनच हिशोब विचारतोय.

बाकी प्रश्न खरा आहे, त्याला खरं उत्तर देऊ. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घ्यायची पद्धत बसवली. बाळं मरायचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. 1999 साली ते जगापुढं मांडलं. पण आमच्या दृष्टीनं मोठी गोष्ट पुढची आहे. 2011 साली सरकारनं ती पद्धत उचलली आणि देशभर आशाताईंच्या कामात घातली. संस्थेचं काम हेच, वाट दाखवायची आणि मग सरकारला त्या वाटेवर चालायला लावायचं. 39 गावांना संस्था पुरते. देशाला सरकारच लागतं.

दुसरं उदाहरण मेंढा (लेखा). तिथं मोहन हिराबाई हिरालाल यांची 'वृक्षमित्र' संस्था देवाजी तोफांच्या आणि गावाच्या सोबत कितीतरी वर्षं राहिली. अभ्यासगटात बसली, कायदा समजावला, वाद घातला. पण निर्णय गावाचा, सगळ्यांच्या सहमतीनं. बोर्ड संस्थेचा लागला नाही. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो ग्रामसभेच्या नावावर आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना द्यायचा अधिकार आला तोही ग्रामसभेकडं. संस्था गावाच्या मागं उभी राहिली, गावाच्या पुढं नाही.

तेव्हा चांगली संस्था कुठली, हे ओळखायला लई शिक्षण लागत नाही. काम संपल्यावर गावाकडं काय उरतं ते बघायचं. कागद, हक्क, अधिकार उरला तर संस्था आपली. टी-शर्ट आणि फोटो उरले तर दुकान.

आणि चांगली असली तरी ती कायमची नसते, हे विसरू नका. फंड तीन वर्षांचा असतो. फंड देणाऱ्याचं मन बदललं की आपला पाडा त्यांच्या नकाशातनं जातो. 2020 साली सरकारनं परदेशी देणगीचा कायदा बदलला. मोठ्या संस्थेनं आलेला परदेशी पैसा छोट्या संस्थेला पुढं द्यायचा नाही, असं केलं. एका सहीनं कुठल्या पाड्यावरची आरोग्यसेविका बंद होईल, ते त्या पाड्याला कळतही नाही. पुन्हा ज्या संस्थेचं अनुदान सरकारच्या हातात, ती सरकारविरुद्ध किती बोलणार? मोर्चाच्या दिवशी त्यांचं 'प्रशिक्षण' निघतं ते उगाच नाही.

वनखात्याचा जुना अनुभव आठवा. 1992 साली संयुक्त वन व्यवस्थापन आलं. गावोगाव समित्या झाल्या, काही ठिकाणी बसवून द्यायला संस्था आल्या. रोपं आपण लावली, राखण आपण केली. पण समितीचा सचिव वनखात्याचाच माणूस. 'लोकसहभाग' म्हणजे राबायचं आपण आणि सही करायची त्यांनी. सेवेतला 'सहभाग' त्याच मापाचा आहे.

आता करायचं काय

नुसतं बोलून भागत नाही. पुढची कामं प्रत्येक गावानं घ्यावीत.

1. विनाठराव बोर्ड नाही. कुठलीही संस्था, कंपनी गावात काम काढणार असेल तर आधी ग्रामसभेत येऊन सांगेल. काय करणार, किती वर्षं करणार, पैसा कुणाचा, किती आणि नंतर हे काम कुठलं सरकारी खातं चालवणार. 'दत्तक' हा शब्द पुसायला लावा.

2. संस्थेचं काम आणि सरकारकडं मागणी एकाच दिवशी. संस्थेची बालवाडी घेतली त्याच दिवशी अंगणवाडीचा अर्ज द्या. फिरता दवाखाना आला त्याच दिवशी उपकेंद्राचा अर्ज द्या. अर्जात लिहा, 'संस्थेची सोय तात्पुरती आहे, ती सरकारी सोयीच्या बदल्यात धरू नये.' पोच घ्या.

3. हिशोब मागा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्याला फी नाही. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. सरकारकडनं मोठा पैसा घेणाऱ्या संस्थेलाही हा कायदा लागू आहे, असं सुप्रीम कोर्टानं 2019 साली सांगितलंय. अनुदानित आश्रमशाळेत मुलं किती दाखवली, अनुदान किती आलं, आहार कसला दिला, विचारा. ट्रस्टला धर्मादाय आयुक्तांकडं हिशोब भरावा लागतो, तिथंही विचारा.

4. यादी आणि रजिस्टर ग्रामसभेचं. कुणाला मिळालं, कुणाला नाही, हे संस्थेच्या वहीत नको, आपल्या वहीत पाहिजे. सेटलमेंटमध्ये वही त्यांच्याकडं होती. आता आपल्याकडं.

5. 3(2) आणि 3(1)(ज) चे ठराव या हंगामात झालेच पाहिजेत. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. बायांना बोलावल्याशिवाय सभा भरवूच नका. लेकरू कुणाच्या कडेवर मरतं ते त्यांना माहीत आहे.

ठरावाचा मसुदा खाली देतो. गावाचं नाव घालून उतरवून घ्या :

'ही ग्रामसभा ठरवते की, आमच्या गावातील / पाड्यातील शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, पिण्याचे पाणी, रेशन दुकान व रस्ता या सोयी पुरविणे ही शासनाची जबाबदारी आहे. वनहक्क कायदा 2006, कलम 3(2) प्रमाणे पुढील सोयींसाठी वनजमीन देण्याची शिफारस ही ग्रामसभा करीत आहे : (सोय, जागा व क्षेत्र लिहावे). संबंधित खात्याने वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे प्रस्ताव विनाविलंब द्यावा. कोणत्याही खाजगी अथवा स्वयंसेवी संस्थेचे काम या सोयींना पर्याय म्हणून मानले जाऊ नये. तसेच कलम 3(1)(ज) प्रमाणे आमच्या वनगावाचे महसुली गावात रूपांतर करावे.'

खाली हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या, अंगठे. अंगठ्याची लाज नको. आमच्या पणज्यांचे ठसे इंग्रजानं जबरदस्तीनं घेतले होते, गुन्हेगार म्हणून. आता आपण आपल्या हातानं अंगठा उठवायचा, गावाचा मालक म्हणून.

ही पत्रिका कुठल्याही फंडावर निघत नाही. स्टेन्सिल आम्ही कापतो, यंत्राचा दांडा हातानं फिरवतो, कागद-शाईचा खर्च तुमच्या वर्गणीतनं येतो. म्हणून यात काय छापायचं ते आम्हाला कुणी सांगू शकत नाही. गावाचंही तसंच आहे. वाचून झाली की पत्रिका पुढच्या पाड्यावर द्या आणि ठराव झाला की त्याची एक नक्कल आमच्याकडं पाठवा.

दान नको, हक्क हवा!
दत्तक नको, सातबारा हवा!
जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!